नमुना क्रमांक दोन

दुपारी बारा वाजता डॉक्टरांनी ताईला खाटेपासून थोडं बाजूला बोलावलं, तेव्हाच बातमी वाईट असणार हे तिने ओळखलं. डॉक्टर खाटेजवळच उभं राहून बोलतात तेव्हा बातमी बरी असते, एवढं तीन दिवसांत तिला कळलं होतं.

तिचा धाकटा भाऊ रंगारी. एका इमारतीची बाहेरची भिंत रंगवताना परांचीवरून तोल गेला आणि तो डाव्या कुशीवर आपटला. चार बरगड्या मोडल्या. डोकं शाबूत, पाठीचा कणा शाबूत. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण मोडलेल्या बरगड्या श्वासागणिक सुरीसारख्या टोचायच्या, म्हणून त्याने श्वास घेणंच जवळजवळ सोडून दिलं. वरवरचा, चोरटा श्वास. आत कफ साचत गेला. खोकावं तर जीव जातो, म्हणून खोकणंही बंद.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग मिटला आहे, ताप चढतो आहे. दुखण्याचं औषध याहून वाढवलं तर गुंगी येईल आणि श्वास आणखी मंदावेल. पाच वाजेपर्यंत वाट पाहू. तोवर फरक पडला नाही तर अतिदक्षता विभागात हलवून घशात नळी घालावी लागेल आणि श्वास यंत्राकडे सोपवावा लागेल.

"नळी निघते ना पुन्हा?" ताईने विचारलं.

"बहुतेकांची निघते," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत याचं तिला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

ताई दुधाच्या डेअरीत तपासणीला होती. सव्वीस वर्षं तिने काचेच्या नळ्यांतले आणि यंत्रांवरचे आकडे वाचले होते. माणसं काहीही सांगतात, आकडा खोटं सांगत नाही, असं तिचं मत. आता भावाच्या बोटाला चाप लावलेला होता आणि उशाशी रक्तातल्या ऑक्सिजनचा लाल आकडा जळत होता. नव्वद. मध्येच एकोणनव्वद. नाकाला ऑक्सिजन लावलेला असूनही.

व्यायामवाल्या बाई सकाळपासून दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांनी प्लास्टिकचं एक उपकरण दिलं होतं: तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक निळा गोळा. नळी तोंडात धरून हवा आत ओढून गोळे वर उचलायचे. भावाने एकदा ओढलं, पहिला गोळा जागचा हलला, तेवढ्यात त्याने नळी सोडून दिली आणि तोंड फिरवलं. बाई चिडल्या नाहीत. खोकताना उशी बरगड्यांवर कशी दाबून धरायची ते ताईला दाखवलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "माझं नाही ऐकत तो. तुम्ही बघा. बोलतं करा, गायला लावा, हसवा. हसताना पोट आपोआप हलतं, श्वास खोल जातो, खोकला सुटतो. मात्र त्याला दुखणार. आणि तुम्हाला ते बघवणार नाही."

ताईने आधी तिला जमतं ते केलं. रागावली. तू लहान आहेस का, तुझ्यासाठी सगळे राबताहेत, वगैरे. भावाने डोळे मिटून घेतले. मग तिने विनवण्या केल्या, त्या तिला नीट जमल्या नाहीत. मग मोबाईलवर विनोद शोधून वाचायला लागली. नवरा-बायकोचा एक वाचला, वेंधळ्या पेशंटचा एक वाचला. बातम्या वाचाव्यात तसे.

"ताई," तो म्हणाला. मध्ये दोन श्वास घेतले. "नको. दुखतं."

अठ्ठ्याऐंशी.

दोन वाजून गेले होते. ताई स्टुलावर बसून राहिली. माणसाला हसवायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या घरात ते खातं पहिल्यापासून धाकट्याकडे. कोणी आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, कोणी रुसून बसलं की हा जाऊन काहीतरी चाळे करायचा आणि घर सैल व्हायचं. सगळ्यांच्या नकला करायचा, आणि सर्वांत हुबेहूब ताईची. ताई जेवायला बसली की प्रत्येक वाटी आधी नाकाशी नेते, मग उजेडाकडे धरते, मग निकाल देते. ते तो असं करून दाखवायचा की आई पदराने डोळे पुसायची. ताईला ते कधीच आवडलं नव्हतं. पुरे झालं, म्हणून ती उठून जायची.

ट्रॉलीवरून चहा आला. कागदी पेला तिच्या हातात होता आणि समोर तो पडला होता, ओठ निळसर, नजर छताला. तिने पेला नाकाशी नेला. सवयीनेच नेला. मग थांबली. मग मुद्दाम, त्याच्या नकलेत असायची तेवढी मान वाकडी करून, पुन्हा नेला.

"नमुना क्रमांक एक," ती कचेरीच्या आवाजात म्हणाली. "चहा असल्याचा दावा. रंग संशयास्पद. वास ओल्या पुठ्ठ्याचा. दूध आढळले नाही, दुधाची आठवण आढळली."

तिला स्वतःचीच लाज वाटली. खोलीत शेजारची खाट एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती, ते वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले होते. पण भावाची नजर छतावरून खाली आली होती. एवढंच. तिला तेवढं पुरलं.

ती उठली. त्याचा हात उचलून उजेडाकडे धरला. त्याच्या केसांचा वास घेतला, नाक मुरडलं, चष्मा कपाळावर चढवला.

"नमुना क्रमांक दोन. वय बेचाळीस. बाहेरून रंग दिलेला, आतून ओल. भेसळ शंभर टक्के. मूळ पदार्थाचा अंश सापडला नाही. वापरण्याची मुदत..." तिने त्याला उलटंसुलटं पाहिल्यासारखं केलं, "छापायची राहून गेली आहे."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तो तोंड घट्ट मिटून घेत होता, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने साहेबी थाटात चहाचा घोट घेतला.

"मग काय करायचं म्हणता, साहेब?" पोस्टमास्तरांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "पाठवणाऱ्याकडे परत करू? पण असलं पार्सल ते घेणार नाहीत."

आणि ताईला हसू फुटलं. हे तिच्या हिशेबात नव्हतं. तिचं हसणं भलतंच विचित्र होतं, रिकाम्या नळातून आधी हवा फुरफुरते आणि मग एकदम धार सुटते तसं. शाळेत मुली त्यावरून चिडवायच्या, म्हणून अकराव्या वर्षापासून तिने ते दाबून ठेवलं होतं. आता ते फुरफुरलं, आणि तोंडातल्या घोटभर चहासकट बाहेर आलं, पांढऱ्या चादरीवर.

भाऊ हसला. आधी नुसतं नाकातून, मग पोट हललं, मग त्याच्या तोंडून वेदनेचं आणि हसण्याचं मिळून एक कण्हणं निघालं. "नको, ताई, नको," म्हणत तो हसत राहिला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग खोकला आला.

एकदा सुटला तो थांबेना. तो कुशीवर वळू पाहत होता, वळता येत नव्हतं. चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. यंत्र टिटटिटायला लागलं. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. ताईचं हसू जागच्या जागी गोठलं. आपण याला मारलं, असा एकच विचार तिच्या मनात आला, अगदी स्वच्छ. पोस्टमास्तर बेलचं बटण दाबत होते. सिस्टर धावत आल्या, त्याला पाठीकडून उठवून बसवलं, आणि ताईला म्हणाल्या, "उशी. उशी धरा. घट्ट."

ताईने उशी त्याच्या बरगड्यांवर दाबली. हाताखाली तो थरथरत होता.

"खोक," ती म्हणाली. "मी धरलंय. खोक तू."

ब्याऐंशी.

तो जोर करून खोकला, पुन्हा खोकला, आणि तिसऱ्या वेळी छातीत खोल काहीतरी सुटल्याचं तिला उशीतूनही जाणवलं. सिस्टरनी भांडं पुढे केलं. हिरवट, घट्ट गोळा पडला, मागोमाग आणखी. मग त्याने श्वास घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती दोन्ही बाजूंनी वर आली.

आकडा लगेच फारसा हलला नाही. ताई त्याच्याकडे बघत उभी राहिली, उशी तशीच धरून. चौऱ्याऐंशी. बराच वेळ चौऱ्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. नव्वद. सिस्टरनी तिच्या हातातून उशी काढून घेतली तेव्हा बोटं आखडली होती.

ती जिन्यात जाऊन पायरीवर बसली. कोणावर तरी खूप ओरडावंसं वाटत होतं. पाच मिनिटांनी तोंड धुऊन ती परत आत गेली.

डॉक्टर पाचच्या आधीच आले. पाठीवर बराच वेळ स्टेथोस्कोप फिरवत राहिले. खाली हवा जाऊ लागली आहे, नळीचं आज तरी लांबणीवर टाकू, म्हणाले. पोस्टमास्तरांनी त्यांना सगळा प्रकार रंगवून सांगितला. डॉक्टर हसले, पण ताईला स्पष्ट सांगितलं की काम खोकल्याने केलं, औषधांनीही केलं, हसण्याने फक्त कडी उघडली. आणि सिस्टर वेळेवर आल्या हेही विसरू नका.

"कडी आमच्याने उघडत नव्हती," व्यायामवाल्या बाई मागून म्हणाल्या.

रात्री ताप उतरू लागला. दुसऱ्या दिवशी भावाने आपण होऊन ते निळ्या गोळ्यांचं उपकरण मागून घेतलं आणि पोस्टमास्तरांशी पैज लावली. पोस्टमास्तर दोन गोळे उचलायचे. त्याला दुसरा गोळा उचलायला पैजेचा चौथा दिवस उजाडला. दर खेपेला दुखायचं, तो शिव्या घालायचा, मग पुन्हा ओढायचा. आठव्या दिवशी त्याला घरी सोडलं.

ताई काही एकदम बदलली नाही. पण डेअरीत जाताना रोज सकाळी ती त्याला फोन करायला लागली. पाच मिनिटं दोघं निव्वळ वायफळ बोलायची, एकही कामाची गोष्ट काढायची नाही असा नियमच होता. रात्री झोपेत दात आवळून सकाळी तिचा जबडा ठणकायचा, वर्षानुवर्षं. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की तो हल्ली ठणकत नाही. याचं श्रेय कशाला द्यायचं, ते तिने ठरवलं नाही.

तिसऱ्या महिन्यात तो कामावर रुजू झाला. पहिल्या दिवशी ती रजा टाकून तिथे जाऊन उभी राहिली. त्याला तळमजल्याची भिंत दिली होती. कोपऱ्याचा वरचा भाग राहिला होता, त्यासाठी चार पायऱ्यांची घोडी होती. तो पहिल्या पायरीवर चढला आणि थांबला. घोडी धरलेला हात पांढरा पडला होता.

"ताई, तू जा बघू," तो मागे न बघता म्हणाला. "तू श्वास रोखून धरलास की मला ऐकू येतं."

ती रस्त्याच्या पलीकडे गेली आणि एका दुकानाच्या पायरीवर बसली. तिथून तिला फक्त त्याचे पाय दिसत होते. थोड्या वेळाने ते दुसऱ्या पायरीवर गेले.