निरोपाचा शब्द

बोरीच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले व्यंकटराव पुतणीच्या संगणकापुढे अंग चोरून बसले होते. त्यांचा एकुलता मुलगा योगीराज काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. तो नाशकात एका कारखान्यात असल्याचे कळताच व्यंकटराव तेथे जाऊन धडकले आणि फाटकावर चारचौघांदेखत त्याला बोलू नये ते बोलले. योगीराजने नोकरी सोडली, गाव सोडले, फोनचा क्रमांकही बदलला. आता त्याचा मित्र सिद्धोधन याने पुतणीला, राजेश्रीला, एवढेच सांगितले होते की, इंटरनेटवर गप्पांचे एक दालन आहे आणि योगीराज तेथे सायंकाळी ‘गंगथडी’ या नावाने असतो. तेथे आवाज नाही, चेहरा नाही. केवळ लिहायचे आणि वाचायचे.

“काका, आधी नाव घ्यावं लागतंय,” राजेश्री म्हणाली.

त्यांनी एकेक अक्षर शोधून आपले व वडिलांचे नाव लिहिले. यंत्राने ते नाकारले.

“मधी जागा सोडलेली चालत न्हाई. नुसतं व्यंकटराव लिहा.”

“वडिलांचं नाव न लावता दारात कोण उभं करील?”

“हितं समदे बिनबापाचेच हायत, काका,” ती हसत बोलून गेली, आणि लगेच तिने खाली पाहिले.

ते आत गेले. उजवीकडच्या नामावळीत ‘गंगथडी’ होते. राजेश्रीने केवळ त्या दोघांपुरती चौकट उघडून दिली आणि चहा ठेवायला ती आत गेली.

‘मी तुझा बाप,’ त्यांनी लिहिले.

बराच वेळ काही उमटले नाही. मग आले, ‘बोला.’

‘प्रकृती कशी आहे?’

‘बरी.’

‘कोठे असतोस?’

पुन्हा तोच खंड. ‘मिरजेला. आई कशी हाय?’

त्या तीन शब्दांनी व्यंकटरावांचे डोळे भरून आले. गुडघे दुखतात, बाकी ठीक, असे त्यांनी कळवले. अधिक विचारावे तर पोर बिथरेल. पहिल्या भेटीत एवढे पुष्कळ झाले, असा विवेक त्यांनी केला. निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, हा संस्कार त्यांच्या बोटांतही उतरलेला होता. त्यांनी लिहिले, ‘बरं. येतो.’ आणि शिकवल्याप्रमाणे दालन बंद केले.

दुसऱ्या सायंकाळी नामावळीत ते नाव नव्हते. त्यांनी त्या नावे दोन ओळी धाडल्या. असे कोणी येथे नाही, एवढेच उत्तर यंत्राने दिले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा दालन उघडून बसले असताना राजेश्रीला सिद्धोधनचा फोन आला. तिने तो काकांच्या हाती दिला.

“काका, तुमी त्याला येतो म्हणालात?”

“निघताना म्हणतो तसं म्हणालो रे.”

“तोंडानं म्हणला असता तर कळलं असतं. त्यानं मला इचारलं, म्हातारा मिरजेला निघालाय का. मी म्हणलं, तसं नसंल. पर त्याला नाशिक आठवलं. खोली सोडली त्यानं. आता माझा पण फोन उचलत न्हाई.”

व्यंकटरावांनी फोन परत केला. ते म्हणाले, “दालनात लिहून ठेवू या. कधीतरी येऊन वाचेल.”

“तसं न्हाई होत, काका. जो हजर असतो त्यालाच दिसतंय. मागून येणाऱ्याला मागचं दिसत न्हाई.”

“तो दुसऱ्या नावानं आला तर मला कळेल?”

“न्हाई.”

“आणि माझं नाव त्याला?”

“ते दिसणारच की.”

“म्हणजे मी असेन तिथं तो बसायचा नाही.”

नामावळीत त्यांचे एकेरी नाव अजून तसेच उभे होते. व्यंकटरावांनी ते चष्मा सारखा करून एकदा वाचले.

“माझं नाव काढून टाक तिथून,” ते म्हणाले. “त्याची रोजची बसायची जागा आहे ती.”