शनिवारचे बूट

"दाखव," अपा म्हणाले.

"आज नाही," नेरेइदा म्हणाली. "उद्या या बुटांना तीन महिने पुरे होतायत. उद्याच."

"शनिवार चुकवतेस? मोची मी आहे की तू?"

"पाय माझे आहेत, अपा."

दुकानात टाच ठोकून घ्यायला आलेली शेजारीण, दोन्या उर्सुला, खो-खो हसली. "घ्या! लेकीनं गप्प केलं!"

"गुडघे सरळ झाल्यापासून फारच ताठ झालीय," अपा म्हणाले.

चापाला नावाच्या सरोवराकाठच्या त्या गावात अपा माणसं चेहऱ्यापेक्षा बुटांच्या झिजेवरून ओळखत. नेरेइदा अकरा वर्षांची असताना तिचे बूट आतल्या कडेला झिजू लागले. अपा ते पिशवीत घालून शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरीला न्यायचं सुचलंच नाही. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आता मुलीलाही आणा." रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. त्यामुळे हाडं मऊ पडून गुडघे आत वळले होते.

तेव्हापासून हाडांसाठी दर जेवणाबरोबर चावायची खडूसारखी गोळी, चीज बंद, आणि शनिवारी बुटांची तपासणी.

पंधराव्या वाढदिवशी बापानं लेकीचे सपाट बूट उतरवून उंच टाचांचे घालायचे आणि मग तिच्याबरोबर नाचायचं, ही गावाची रीत. डॉक्टरीणबाईंनी टाचांना मनाई केलेली. अपांनी भर समारंभात गुडघ्यावर बसून जुने सपाट बूट काढले आणि स्वतः शिवलेले नवे सपाट बूट घातले. नेरेइदा तोंड फुगवून बसली. बापाबरोबरचा नाच राहिलाच.

आता ती तेवीस वर्षांची होती. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि पाय खरंच सरळ पडतायत का, ते या नव्या जोडाचे तळ सांगणार होते.

"बरं, उद्या," अपा म्हणाले. "गोळी चावलीस?"

"चावली."

"मग मिशांना खडू कसा नाही?"

"मला मिशा नाहीत, अपा!"

दुसऱ्या दिवशी अपा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्यावर दोन्या उर्सुला डोळे पुसत म्हणाली, "आता तिकडं सगळ्या संतांच्या वहाणा उलट्या करून बघत असतील." नेरेइदाला हसू फुटलं.

मग तिनं दुकान उघडलं. पायांतले बूट काढून अपांच्या बाकावर उपडे ठेवले. दोन्हींची झीज अगदी सारखी होती.

"बघा, अपा. पाय सरळ आहेत."

तिनं एका तळावरून अंगठा फिरवला.

"आणि ते पंधराव्या वर्षीचे बूट फार सुंदर होते. मला तुमच्याबरोबर नाचायचं होतं."