संबोधीच्या खोलीची कडी

"तिरकं करा हो, तिरकं!" आतल्या खोलीतून संजना ओरडली.

"तिरकंच आहे. ते सरळ होतंय, तीच तर पंचाईत आहे," बाहेरच्या खोलीतून नवनाथ म्हणाला.

लोखंडी कपाट मधल्या दारात अडकून पाऊण तास झाला होता. कपाटाच्या एका अंगाला नवनाथ, दुसऱ्या अंगाला त्याची बायको, आणि संसार पहिल्यांदाच इतका स्पष्ट विभागलेला. नवनाथ लिफ्ट मेकॅनिक होता. अडकलेलं सोडवण्याचाच त्याला पगार मिळत होता. शेजारच्या चिमणाबाई तेवढी आठवण करून द्यायला तीनदा येऊन गेल्या.

सिडकोतलं घर. दोनच खोल्या, त्याही अशा की एकीत जांभई दिली की दुसरीत झोप यायची. लेकीचं, संबोधीचं, जूनमध्ये बारावं वर्ष संपणार होतं, म्हणून आतली खोली तिची असं ठरलं. कपाट, गव्हाची कोठी, शिलाई मशीन सगळं बाहेर यायचं होतं. पलंग खिडकीशी, टेबल भिंतीशी. बाबासाहेबांचा फोटो दोन्ही खोल्यांना हवा होता, म्हणून दुसरा आणला. इथवर नवनाथची काहीच तक्रार नव्हती.

कपाट एकदाचं बाहेर निघालं, मग ती म्हणाली, "पप्पा, आणि दाराला आतून कडी."

ती दोन वर्षांची असताना त्याने घरातली एकूण एक आतली कडी काढून टाकली होती. बाथरूमचीसुद्धा. त्यामुळे या घरात आंघोळ गात गातच करावी लागे. कळवणचे साडू एकदा मुक्कामाला आले. त्यांना गाता येत नव्हतं, ते पाढे म्हणत होते. एकोणतीसच्या पाढ्यावर ते अडून गप्प झाले तर संजनाला वाटलं, बाहेर आले.

"कडी कशाला? आम्ही काय चोर आहोत?" नवनाथने विचारून पाहिलं.

"मग मी काय ढोर आहे, उघड्यावर बांधायला?"

"अहो, लावा की," संजना म्हणाली. "मोठी होतेय ती."

हेच तर त्याचं दुखणं होतं.

दुकानदाराला त्याने आतून लागेल पण बाहेरूनही उघडेल अशी कडी मागितली. "ती कडी नसते हो साहेब, ती शोभा असते," दुकानदार म्हणाला. नवनाथने साधीच घेतली. रविवारी संजना विहारात गेल्यावर त्याने आपलं कसब लावलं. कडीच्या दांड्याला कानशीने बारीक खाच पाडली. त्या खाचेसमोर दाराला पेन्सिलीएवढं भोक. बाहेरून स्क्रू ड्रायव्हर घातला की दांडा सरकायचा. लिफ्टच्या दाराला असते तशीच सोय. भोकावर बाहेरून कॅलेंडर टांगलं. संबोधी शेजारी चिमणाबाईंकडे वह्यांना कव्हरं घालत बसली होती, तिला पत्ता लागला नाही.

मग कडी नीट लागते का पाहायला तो आत गेला आणि दार लावून घेतलं. कडी लागली. फारच छान लागली. भोकाची एक ढलपी खाचेत घुसली आणि दांडा जागचा हलेना.

त्याने ओढलं, ठोकलं, चपलेने हाणलं. खिडकीला डासांची जाळी होती, ती त्यानेच खिळे ठोकून पक्की केलेली. स्क्रू ड्रायव्हर बाहेर.

ठोकाठोक ऐकून संबोधी परत आली. "पप्पा? अडकलात?"

"छे. बघतोय."

दहा मिनिटं तो बघत होता. भोकाचं सांगितलं तर सुटका होती. सांगितल्यावर पोरगी आपल्याकडे कशी बघेल, या धास्तीने तो पलंगावर बसून राहिला.

बाहेरून अगदी कंपनीच्या आवाजात प्रश्न आला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी तो फोनवर याच आवाजात बोलायचा, ती लहानपणापासून ऐकत आली होती. "आत किती माणसं आहेत?"

"बोधी, मस्करी नको."

"किती माणसं?"

"एक."

"कुणाला दमा आहे का? दाराला टेकू नका. बोलत राहा."

नवनाथला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"बोधी," तो शेवटी म्हणाला, "कॅलेंडर बाजूला कर."

कॅलेंडर सरकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. तो उठून दाराशी आला. "बोधी? ए बोधी?"

स्क्रू ड्रायव्हर आत आला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ढलपी निघाली आणि दांडा सरकला. दार उघडलं. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती त्या भोकाकडे बघत होती.

"मला न विचारता?"

"तू दोन वर्षांची होतीस तेव्हा गंगापूर रोडला एक लिफ्ट बंद पडली होती," नवनाथ म्हणाला. "वॉचमन म्हणाला, रिकामी आहे. मी हाका मारल्या, आतून आवाज नाही. मग निवांत चहा प्यायलो. चाळीस मिनिटांनी उघडली तर कोपऱ्यात मुलगा बसलेला. आत्ताच्या तुझ्याएवढा. कपडे ओले. म्हणाला, काका, घरी सांगू नका." तो थांबला. "ओरडला नाही गं तो. एकदाही नाही."

संबोधी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

"मी ओरडेन की नाही, ते मला आत्ता कसं कळणार?" ती म्हणाली. "पण मी आत आहे हे तुम्हाला माहीत असेल ना. त्याचं कुणालाच माहीत नव्हतं."

नवनाथने पिशवीतून लाकडातली भोकं बुजवायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा काढला. ती आत गेली, कडी लावली आणि मोबाइलची बॅटरी लावून भोकाशी धरली.

"उजेड येतोय?"

"येतोय."

त्याने अंगठ्याने लांबी भरली.

"आता?"

"थोडा."

त्याने आणखी भरली. कवडसा सुईएवढा उरला, मग तोही गेला.

"आता?"

नवनाथने डोळा भोकाशी नेला.

"पप्पा, आता?"

"नाही," तो म्हणाला. "आता काही दिसत नाही."

पलीकडे पलंग कुरकुरला. भोक केव्हाच भरलं होतं, तरी त्याने अंगठा तिथून काढला नाही. लांबी वाळायला तासभर लागतो, असं डब्यावर लिहिलं होतं.