कमळाबाईच्या पुऱ्या

मोबाइलवर "आपला नाष्टा" हा ग्रुप अनिताने काढला आणि तिथून भावकीचं डोकं फिरलं.

अनिता म्हणजे भावकीतली वाशिंदला राहणारी सून. सातव्या मजल्यावर फ्लॅट. सकाळ झाली की काचेच्या टेबलावर ठेवलेल्या उपम्याचा फोटो. उपम्यावर काजू, बाजूला जास्वंद. जास्वंद कोण खातं देव जाणे. खाली लिहिलेलं, "या नाष्ट्याला सर्वांनी." कोण जाणार? वाशिंदला उतरलेल्या भावकीच्या माणसाला तिने कधी पाणी विचारलेलं नाही.

पण आटगावच्या पुढे भावकीच्या एवढ्याशा गावात बायांना झोप लागेना. तोवर सकाळी कोण काय खातं, असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. विचारायचं काय, सगळे तेच खायचे. रात्रीचा उरलेला भात, नाहीतर चहात बुडवून तांदळाची भाकर. आता त्याच बायांच्या घरी फोटोत इडल्या फुगायला लागल्या, डोसे पसरायला लागले. आणि सगळ्यात पुढे कमळाबाई.

दर्शना या कमळाबाईची सून. टोकावड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचं माहेर. गेल्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, चला, खात्यापित्या घरात पडलो. आठवड्याभरात कळलं की या घरात खायला वेगळं शिजतं आणि दाखवायला वेगळं.

दाखवायचं शिजायचं रविवारी. आख्ख्या आठवड्याचं एकदम. टॉवेल अंथरायचा, ताटात वाटी पालथी घालायची आणि तिच्यावर पोहे पसरायचे, म्हणजे डोंगर दिसतो. शहापूरच्या स्टँडवरून आणलेल्या दोन इडल्या, घरच्या म्हणून. कोथिंबिरीची एकच काडी, पोह्यावरून उचलून उपम्यावर, उपम्यावरून सँडविचवर. नवरा दिपेश कल्याणला कामाला. आठवडाभर साहेबाचं ऐकायचा, रविवारी आईचं. मोबाइलची बॅटरी लावून ताटावर उजेड पाडत उभा राहायचा, देवळात आरती धरल्यासारखा.

"आई, पुऱ्या गरम हायेत तवर खाऊ तरी," दर्शना म्हणायची.

"थांब गो भुकेली! आधी कडंचं श्रीखंड पूस. आन ती पुरी उभी कर, पडली बघ."

फोटो झाला की श्रीखंड परत डब्यात. मग रोज सकाळी एक फोटो ग्रुपवर. टाकायचं काम कमळाबाई स्वतः करायची, सुनेवर भरवसा नाही म्हणून. वाचता फारसं येत नव्हतं, पण "या नाष्ट्याला सर्वांनी" एवढं दिपेशने लिहून ठेवलेलं, ते बोटाने दाबून धरायचं आणि चिकटवायचं. हे झालं की कालच्या भातावर मीठ टाकून, कांदा फोडून सासू-सून खायला बसायच्या. कमळाबाई दाराला कडी लावून खायची. भात खाताना! चोरी केल्यासारखी.

दर्शनाला हसायला यायचं. रडायला पण यायचं, पण हसायला जास्त.

मग महादूबाबा गेले. कमळाबाईचे थोरले चुलत दीर, भावकीतले सगळ्यात म्हातारे. भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. सुतकात घरात कढई चढत नाही. तळण नाही, गोड नाही. हे तिकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकली. इडल्या थांबल्या. अनिताची जास्वंदसुद्धा थांबली.

मयताच्या घरी सगळ्यात मोठ्याने कमळाबाई रडली. तिला दोघींनी धरून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले, घसा बसलेला, चष्मा कुठे पडलेला कोणास ठाऊक. ओट्यावर टेकली, मोबाइल घेतला, आणि रोजच्या सवयीने बोटाने रोजचं काम केलं.

श्रद्धांजलीच्या लायनीखाली पुऱ्या आल्या. चार पुऱ्या, एक उभी. श्रीखंड. "या नाष्ट्याला सर्वांनी."

भाताचं आधण यायच्या आत अंगणात माणसं. पुढे महादूबाबांचा मुलगा सुदाम, त्याच्या मागे गोदूआत्या, म्हणजे मेलेल्याची सख्खी बहीण. तोंडाने फटकळ, गावाला माहीत. मागून अजून चारपाच बाया, दुःख विसरून लगबगीने आलेल्या.

"काकी," सुदाम म्हणाला. "माझा बाप काल जाळला. आन तुमी आमाला पुऱ्या खायाला बोलवता?"

कमळाबाईने मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. उभी पुरी ओळखली. मग तिने काय करावं? मागे वळून दाराकडे बोट केलं.

"मी नाय रे बाबा! ही. हिनं काढलं तळण. मी झोपले होते. डोंगरातली पोर, तिकडं कुठं सुतक पाळतात? यांना काय रीतभात?"

दर्शना दारात उभी होती. हातात भाताची पळी.

तिचा बाप वारून अजून दोन वर्षं झाली नव्हती. दहा दिवस त्या घरात मीठभात सोडून काही शिजलं नव्हतं, धाकटा भाऊ तापाने फणफणला तरी. आणि ही म्हणते, यांना काय रीतभात! आज गप्प बसलो तर जन्मभर हेच. सुतकात तळणारी. डोंगरातली. उद्या माहेरी आईच्या कानावर जाईल, आणि आई या अंगणात परत पाय ठेवणार नाही.

"आत्या, आत या," ती म्हणाली. "कढई बघा. हात लावून बघा. कोरडी हाय."

"कढई घासता येते गो," गोदूआत्या जागची हलली नाही.

"मंग ऐका. तो फोटो रविवारचा. सगळेच फोटो रविवारचे असतात. आमी सकाळी कुठं खातो पुऱ्या? शिळा भात खातो. रोज. कांदा आन मीठ. हे बघा." तिने सासूच्या हातातला मोबाइल घेतला आणि समोर धरला. पोहे, उपमा, सँडविच, सगळं एकाच टॉवेलावर, कोथिंबिरीच्या एकाच काडीखाली.

बाया वाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, "अगो, या पोह्यांवरनं माझा सुनेशी तीन दिवस अबोला झालेला." दुसरीने तिला कोपर मारलं.

गोदूआत्याने कमळाबाईकडे बघितलं. पहिल्यांदाच जरा हसू आलं तिला, भाऊ गेल्यापासून. "काय गो कमळे? शिळा भात? आन आमाला वाटलं, तुझ्या घरी रोज सण."

इथे कमळाबाईला सुटायची वाट होती. सरळ होती. हो म्हणायचं, चूक झाली म्हणायचं, बोट चुकलं म्हणायचं. सुदाम काय, रडून गेला असता घरी. सुतक मोडलं नव्हतं, कोणाचं काही गेलं नव्हतं.

पण त्या बाया हसत होत्या ना.

"खोटं बोलते ती!" कमळाबाई ओरडली. बसलेला घसा एकदम मोकळा झाला. "शिळा भात आमच्यात कुत्र्याला घालतात! मी तळल्या पुऱ्या. माझ्या हातानं. आज सकाळी. काय म्हणणं हाय?"

"आई, काय बोलता?" दर्शना म्हणाली.

"गप बस! चार खाल्ल्या मी. श्रीखंडासंगट."

सुदामने कपाळावर हात मारला. गोदूआत्याचं हसू गेलं. "सुतकात तळलं, आन वर तोंड करून सांगते? कमळे, दहाव्याला तू आमच्या चुलीपाशी यायचं नाय. पंगतीत पण नाय." मग दर्शनाकडे वळून म्हणाली, "तू ये गो. भात तू शिजव. तुला कळतंय." माणसं निघून गेली.

दर्शनाने पळी चुलीजवळ ठेवली. तिच्यावरचा आळ सासूने स्वतःच्या तोंडाने उचलून नेला होता, तोही हौसेने. रागावायचं तरी कोणावर?

कमळाबाई ओट्यावर बसून होती, पदर सावरलेला, मान ताठ. कुंपणापलीकडची शेजारीण कुजबुजली, "काय गो, खरंच वाळीत टाकणार तुला?"

"टाकू देत," कमळाबाई म्हणाली. "पुऱ्या खाल्ल्या म्हणून टाकतात. उपाशी म्हणून नाय."