फोटोसाठी उंच झालेली कवळी

मित्रांनो, वाटीतल्या पाण्यात बसलेली ही जुनी कवळी म्हणजे मी. हसू नका. तोंडाचं बोळकं झालं की माझी किंमत कळते.

मी एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात तयार झाले. आजोबांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. त्यांची मुलगी जुना फोटो घेऊन आली होती. "बाबांचे गाल अस्से भरलेले दिसले पाहिजेत," हा तिचा हट्ट. बाई म्हणाल्या, "गाल भरायला दात एवढे उंच केले, तर जास्त होईल हो." मुलगी ऐकेना, शेवटी बाईंनी मान तुकवली. माझे दात उंच बसले. आजोबा आरशात बघून खूश झाले आणि मीही फुशारले.

घरी आजी होत्या. त्यांना दिसत नव्हतं. आजोबा रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवत, अगदी छोट्या जाहिरातींसकट. त्या दिवशी वाचायला बसले, तर माझे वरचे-खालचे दात शब्दाशब्दाला खटखट आपटू लागले. बिचारी जीभ टाळूपर्यंत पोहोचायला धडपडत होती. चहाचा घोट गिळतानाही तिची तीच गत.

"होईल सवय," आजोबा म्हणाले. आठवडा गेला, सवय काही होईना.

"अहो, राहू द्या," एका सकाळी आजी म्हणाल्या. "कोणी परकं माणूस वाचतंय असं वाटतं. नाही ऐकवत मला."

आजोबांनी पेपरची घडी घातली आणि मला वाटीत टाकलं. तीन दिवस पेपर कोणी उघडला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी आजीच उठल्या. "चला, मीही येते दवाखान्यात."

बाईंनी आजोबांना साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावलं. "'स' म्हणताना दात एकमेकांना लागायला नकोत. आजी, तुम्ही कान द्या."

एकसष्टला खट्. बासष्टला खट्. बाईंनी माझे दात यंत्रावर घासले. अग आई ग! पुन्हा मोजणी, पुन्हा घासणी. होता होता दोन मिलिमीटर गेले, तेव्हा कुठे सदुसष्ट सुरळीत गेलं, अडुसष्टही गेलं. गाल मात्र थोडे बसले.

"फोटोतल्यासारखे नाही दिसत आता बाबा," सोबत आलेली मुलगी हिरमुसून म्हणाली.

आजींनी चाचपडत आजोबांचा हात धरला. "आलात का?" त्या म्हणाल्या. "किती वाट बघायची माणसाने!"

मित्रांनो, मला रोज ब्रशने घासा, पाण्यात ठेवा. पण तुमच्या घरातल्या कोणासाठी कवळी करायला जाल, तेव्हा फोटो नेऊ नका. त्यांचं बोलणं रोज ऐकणारं माणूस सोबत न्या.