कॅचरच्या हातमोज्याचा रिकामा हिवाळा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, पण थंडीत घालायचा लोकरीचा नव्हे. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर असतो ना, त्याच्या डाव्या हातातला मी. जाडजूड चामड्याचा, फटके खाऊन खाऊन मधोमध खोलगट झालेला.

माझा मालक गॅरेट कुबियाक. नवा होतो तेव्हा मी लाकडासारखा कडक होतो. गॅरेटने मला तेल चोळलं, माझ्या पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळलं आणि गादीखाली ठेवून तो माझ्यावर झोपला. मग आमचे चांगले दिवस आले. चेंडू नेमका खळग्यात बसला की माझा आवाज थेट वरच्या रांगांपर्यंत जाई. वर्तमानपत्रात कौतुक गॅरेटचं छापून येई, माझं कोण छापणार? पण सामना संपला की तो माझ्या पाठीवर थाप मारी. मला तेवढं पुरे होतं.

एका शरद ऋतूत त्याचा करार संपला. आता तो कुठल्याही संघाकडे जायला मोकळा होता. जुन्या संघाने त्याला भलामोठा पगार देऊ केला, पण एकाच वर्षाचा. गॅरेटला तीन वर्षं हवी होती, ती लेकीसाठी, जूनीसाठी. आई गेल्यापासून ही पोर बापाला सोडून राहत नसे, आणि बापाचा संघ बदलला की तिची शाळा बदले. प्रत्येक शाळेत ती कपाटावर आपलं नाव चिकटपट्टीवर लिहून लावी. एकदा तरी तिला ते रंगाने, कायमचं लिहायचं होतं.

करार संपल्यावर बाप-लेक टोलीडो गावी बहिणीकडे राहायला आले होते. तिच्या स्वयंपाकघरात बसून गॅरेटने नकार कळवला. बहीण थेरेसा पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, परतत होती.

"एवढा पगार सोडलास? डोकं फिरलंय का तुझं?"

"पोरीला जरा एका गावात राहू दे गं."

पण त्या नकाराला एक शेपूट होतं. दर उन्हाळ्यात सगळे संघ नवी पोरं निवडतात, आणि कोणी कितव्या नंबरावर निवडायचं हे ठरलेलं असतं. असा करार नाकारलेल्या खेळाडूला जो संघ घेईल, त्याला भरपाई म्हणून आपला त्या निवडीतला एक नंबर सोडावा लागतो.

गॅरेटची बोलणी करणारा हॅल्पर्न फोनवर म्हणाला, "एका संघाला तू आवडतोस रे. पण नंबर सोडायला जीव होत नाही. म्हणतात, पस्तिशीच्या गुडघ्यांसाठी एवढं कशाला?"

"तेहतीस," गॅरेट म्हणाला.

जुन्या संघाने तोवर दुसरा कॅचर घेतला होता. थेरेसा शाळेची बस चालवी. तरुणपणी ती सॉफ्टबॉल फेकायची. ती शाळेच्या व्यायामशाळेत गॅरेटला चेंडू टाकू लागली.

"हल की रे म्हाताऱ्या! त्या नंबरावरचं पोरगं तुझ्यापेक्षा चपळ असेल!"

गॅरेट हसला नाही. थेरेसाने जीभ चावली आणि पुढचा चेंडू हळू टाकला. तो झेलताना मला फार वाईट वाटलं.

फ्लोरिडात संघांचा सराव सुरू झाला. माझ्या जातीचे सगळे हातमोजे तिकडे गेले आणि मी गॅरेजमध्ये खिळ्याला लटकलो. गॅरेट कधीतरी यायचा, माझ्यात हात घालायचा आणि परत टांगायचा. माझं चामडं ताठरलं. मनगटाच्या पट्ट्यातली चामड्याची वादी कुजू लागली. ओरडून सांगावंसं वाटे, पण हातमोज्याला तोंड कुठे असतं?

जुलैत निवड झाली. ज्या संघाला गॅरेट आवडला होता, त्याने जपून ठेवलेल्या नंबरावर शाळेतला एक कॅचर घेतला.

"अजून मिशीसुद्धा फुटली नाही मेल्याला!" टीव्हीकडे बघत थेरेसा म्हणाली.

निवड झाली की भरपाई संपते. दुसऱ्या सकाळी हॅल्पर्नचा फोन आला. तोच संघ गॅरेटला बोलावत होता.

"आता तुला घेतलं तर त्यांचं काही जात नाही ना."

"किती वर्षं?"

"वर्षं कसली? हंगाम संपेपर्यंत, ऑक्टोबरपर्यंत."

गॅरेट "येतो" म्हणाला. तो तरी दुसरं काय म्हणणार होता?

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं काही खिळ्याला लटकत असेल, तर ते काढा, तेल लावा, हातात घ्या. आणि एखादा माणूस हवा असेल, तर तो हवा असतानाच त्याला बोलवा.

गॅरेटने मला पिशवीत टाकलं. जूनी दारात उभी होती.

"बाबा, तिथली शाळा कधी सुरू होते?"

गॅरेट पिशवीची चेन ओढायला वाकला. तिने टोलीडोच्या शाळेतल्या कपाटावरून सोलून आणलेली नावाची पट्टी खिशातून काढली आणि माझ्या मनगटाच्या पट्ट्यावर दाबून चिकटवली.

"इथे राहू दे," ती म्हणाली. "हा तरी बदलत नाही."

पट्टीच्या खालीच माझी वादी तुटत आली होती.