आवणीतली पुतळा

बायकोच्या, पुतळाच्या, वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो लावायचा तर तो शेतातलाच, असा हिरामणने हट्ट धरला. आता शेतातला फोटो आणायचा कुठून? मुलाच्या, हितेशच्या, लग्नातला एकच काय तो बरा होता, आणि त्यात ती गळाभर सोन्यात अवघडून उभी. मागे निळा पडदा टाकून तोच मोठा करून घ्यावा, असं हितेशचं म्हणणं. पण म्हातारा अडून बसला की बसला. शेवटी हितेशची मुलगी जागृती, जी वाशीला चित्रकला शिकवते, ती म्हणाली, मी काढते.

शेत तिने पाहिलेलंच नव्हतं. त्या जागी आता सोसायटीचं पार्किंग आहे. कोपरखैरण्याच्या घरात तिच्या शेजारी खुर्ची टाकून हिरामण सांगत गेला: इथे खाडीचा बांध, पलीकडे तिवरांची झाडी, गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायकांची ओळ. नातीने सगळं उतरवलं. मग विचारलं, शेतात आजीचा चेहरा कसा दिसायचा?

हिरामण आठवू लागला. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बायका वाकून रोपं खोचत मागे मागे सरकतात. पुरुषाने रोपांच्या मुठी त्यांच्या पाठीमागे टाकायच्या आणि पुढच्या आणायला वळायचं. जमीन जाईपर्यंत दर पावसाळ्यात त्याने हेच केलं होतं. खोचलेलं लुगडं, चिखलाने माखलेल्या टाचा, वाकलेली पाठ, सगळं त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. चेहरा तेवढा नव्हता. एवढा संसार केला आणि शेतातल्या बायकोचं तोंड आपण पाहिलंच नाही, याची त्याला लाज वाटली. पाठच काढ, असं नातीला सांगून तो उठला. पाठीला हार कोण घालणार, असं हितेश पुटपुटला, आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं.

जागृती शेजारच्या गोजराबाईंना घेऊन आली. लावणीच्या ओळीत त्या पुतळाच्या बाजूलाच असत. चित्र बघून त्या हिरामणकडे वळल्या.

“दादा, तुमी मूठ टाकून वलले का ती मान वर करायची. बांधाव चढेपर्यंत तुमच्याकडं बगत रहायची. आमी चिडवायचो, तर म्हनायची, बगू द्या गो, घरी सासूसमोर बगायला मिलत नाय.”

हिरामणला रडू आवरेना. कुणी त्याला आवरायलाही गेलं नाही.

वर्षश्राद्धाला चित्र भिंतीवर लागलं. मागे खाडी, हातात रोपांची मूठ, आणि मान वळवून पुतळा समोर बघते आहे, जाणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. लोक येत, हात जोडत, जेवायला वळत. हिरामणने हार घातला आणि तिथेच उभा राहिला. हितेशने जेवायला हाक मारली, तेव्हा तिच्याकडे पाठ न करता तो मागे मागे सरकत दारापर्यंत गेला.